शेतातली नोंद संशोधकाच्या हाती देताना

“पहिली फवारणी कोणत्या तारखेला केली?”

आमच्या ओसरीत बसून एका संशोधक मुलीनं विचारलं. आम्ही सहा-सात कापूसवाले होतो. एक जण म्हणाला, “पोळ्याच्या आधी.” दुसऱ्यानं भर घातली, “दोन-चार दिवस आधी.” तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, “गेल्या तिन्ही वर्षी पोळ्याच्या आधीच?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिनं मोबाईलवर कॅलेंडर काढून दाखवलं. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२४ साली २ सप्टेंबरला. २०२५ साली २२ ऑगस्टला. आमच्या ‘पोळ्याच्या आधी’मध्ये तेवीस दिवसांचा फरक होता, आणि तेवीस दिवसांत गुलाबी बोंडअळीची जवळजवळ एक पिढी उरकते.

आपण खोटं बोललो नव्हतो. आपलं कॅलेंडर वेगळं आहे, एवढंच. पेरणी नक्षत्रावर सांगायची, बाकीचं सणांवर. त्यातलं नक्षत्र सूर्यावर चालतं, म्हणून ‘मृगात पेरलं’ म्हटलं की ७-८ जूनपासूनचा पंधरवडा तरी हाती लागतो. सण चंद्रावर चालतो, तो सरकतो. त्या दिवशी आमच्या गटात वही आली. पुढं जे लिहिलं आहे ते त्या वहीनं आणि तिच्यात झालेल्या चुकांनी शिकवलेलं आहे. कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ, एखादी संस्था किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी तुमच्या गावात माहिती मागायला येत असेल, किंवा तुम्हालाच एखादा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जायचं असेल, तर हे क्रमानं वाचा.

पहिलं काम : एकच प्रश्न धरा

सगळ्या शेताची सगळी माहिती लिहायला घेतली की वही जुलैत बंद पडते. निंदण, डवरण, फवारणी एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा चाळीस रकाने कोण भरणार? म्हणून हंगामाला एक प्रश्न. तो गटात बसून ठरवा, आणि उत्तर मिळाल्यावर आपण काहीतरी वेगळं करू असाच ठरवा. “आपली जमीन सुधारते आहे का?” हा प्रश्न चांगला आहे, पण एका हंगामात त्याचं उत्तर मिळत नाही. “आपल्या शिवारात बोंडअळीचे पतंग नेमके कोणत्या आठवड्यात वाढतात?” याचं मिळतं. “पावसात मोठा खंड पडला तर बीबीएफवरचं (रुंद वरंबा-सरीवरचं) सोयाबीन सपाट पेरणीपेक्षा तग धरतं का?” याचंही मिळतं. अर्थात त्या वर्षी खंड पडला तर.

तुलना करायची असेल तर दोन्ही पद्धती एकाच शेतात शेजारी-शेजारी हव्यात. बियाणं तेच, तारीख तीच, खत तेच, बदल फक्त एका गोष्टीचा. माझ्या शेतात बीबीएफ आणि शेजाऱ्याच्या शेतात सपाट, अशी तुलना आम्ही पहिल्या वर्षी केली आणि ती वाया गेली. त्याची जमीन भारी काळी, माझी मुरमाड. फरक पद्धतीचा की जमिनीचा हे देवालाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं आपल्याच शेतात दहा गुंठ्यांचा सपाट पट्टा सोडला. एकाच शेतकऱ्याच्या बारा एकरांपेक्षा बारा शेतकऱ्यांचा एकेक पट्टा संशोधकाला जास्त कामाचा असतो, कारण त्यात बारा प्रकारची जमीन आणि बारा जणांच्या सवयी येतात. एकाच्या शेतात योगायोग घडू शकतो, बाराही ठिकाणी तसाच घडणं अवघड.

वही

जाड पुठ्ठ्याची, आखीव, शंभर पानी पुरे. पेन नको, पेन्सिल वापरा. पावसात भिजलेल्या पानावर शाई पसरते, पेन्सिल राहते. वही घरात ठेवली तर संध्याकाळी आठवून लिहिली जाते. ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला दोरीनं टांगा, प्लास्टिकच्या पिशवीत.

आमच्या वहीतल्या एका पानाचा नमुना देतो :

*१८ जून, बुधवार. पाऊस २३ मिमी. धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) दीड एकरात सोयाबीन पेरलं, बीबीएफ. लागून १० गुंठे सपाट, तेच बियाणं. बियाणं घरचं, उगवण तपासली १०० पैकी ७८. ओल वीतभर. मजूर ३, ट्रॅक्टर भाड्याचा.*

लिहायला तीन मिनिटं लागतात. पण यात तारीख, जागा, क्षेत्र, पद्धत, बियाणं कुठलं, मजूर किती, सगळं आलं. ‘ओल वीतभर’ हे संशोधकाच्या मापात बसत नाही. तरी लिहा. पुढं उगवण विरळ झाली तर तीच नोंद उपयोगी पडते.

आता मापांबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. ‘दोन पोती युरिया टाकला’ असं आपण लिहितो आणि समोरचा शंभर किलो धरतो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. दोन गोण्या म्हणजे ९० किलो, आणि युरियात ४६ टक्के नत्र असल्यानं प्रत्यक्ष नत्र एक्केचाळीस किलोच्या आसपास. डीएपीची गोणी मात्र ५० किलोची. म्हणून पोतं, गोणी, गाडी, ट्रॉली हे शब्द खुशाल लिहा, पण पुढं एकदा तरी किलो लिहा. शेणखताची एक ट्रॉली वर्षातून एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा. आमची ट्रॉली आम्ही समजत होतो त्याहून बरीच हलकी निघाली.

फवारणीचंही तसंच. ‘दहा पंप’ म्हणजे किती पाणी? पाठीवरचा हातपंप पंधरा-सोळा लिटरचा, पॉवर पंपाचं गणित वेगळं. औषधाचं बाजारातलं नाव लिहून भागत नाही, एकाच औषधाची डझनभर नावं असतात. डब्यावर बारीक अक्षरात तांत्रिक नाव आणि टक्केवारी असते. लिहिता येत नसेल तर लेबलचा फोटो काढा आणि कृषी सेवा केंद्राचं बिल वहीत चिकटवा. पक्कं बिल मागायची सवय यामुळे आपोआप लागते, आणि बियाणं बोगस निघालं तर तक्रारीच्या वेळी तेच बिल हाताशी असतं.

शून्य आणि रिकामा रकाना

याला वेगळं शीर्षक द्यावं लागलं, कारण याच चुकीनं आमचा पहिला हंगाम खराब केला. बोंडअळीचे पतंग वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात एकही पतंग नव्हता, म्हणून रकाना रिकामा सोडला. दुसऱ्या दिवशी लग्नाला गेलो, सापळा बघितलाच नाही, तोही रकाना रिकामा. हंगामाच्या शेवटी वही वाचायला बसलो तेव्हा कोणता रिकामा रकाना ‘पतंग नव्हता’ म्हणतो आणि कोणता ‘मी नव्हतो’ म्हणतो, ते मलाच सांगता येईना. संशोधकानं ते सगळे दिवस काढून टाकले. तसं करणंच बरोबर होतं.

तेव्हापासून नियम असा : बघितलं आणि काही नव्हतं तर ०. बघितलं नाही तर आडवी रेघ. आठवून, अंदाजानं भरलेला आकडा असेल तर त्याभोवती गोल काढा. गोल केलेला आकडा लाजिरवाणा नाही. वहीत एकही रेघ आणि एकही गोल नसेल तर अनुभवी संशोधकाला ती वही एका रात्रीत लिहिलेली वाटते, आणि बहुतेक वेळा ती तशीच असते.

फसलेलं वर्षही याच नियमात येतं. पीक गेलं की वही फेकून देण्याची इच्छा होते. पण त्याच वर्षाच्या नोंदी सर्वात मोलाच्या असतात. सगळे फक्त चांगल्या वर्षाचे आकडे देतात, आणि मग शिफारशीही चांगल्या वर्षासाठीच तयार होतात.

काय मोजायचं आणि कसं

पाऊस सगळ्यांनीच मोजावा. प्रश्न कोणताही असो, पाऊस लागतोच. पर्जन्यमापक विकत मिळतो, नाहीतर सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी घ्या. उघड्यावर ठेवा, जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची खोली मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. हवामान खात्याची मोजणीही सकाळी साडेआठचीच, म्हणून ती वेळ पाळली तर आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी.

याचा फायदा लगेच दिसतो. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे दर जूनमध्ये ऐकतो, पण आपल्या शिवारात तो झाला का, हे कोणी सांगत नाही. हवामान केंद्र असतं महसूल मंडळाच्या (अनेक गावांचं मिळून एक) गावात. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, तीही त्याच केंद्राच्या आकड्यावर. तिथं धो-धो कोसळून आपल्याकडे भुरभुर, किंवा उलट, हे विदर्भात कोणाला नवं नाही. आपल्या बरणीच्या आकड्यावर नुकसानभरपाई मिळत नाही, हे खरं. पण पाच गावांच्या बरण्यांचे तीन वर्षांचे आकडे घेऊन एखादा अभ्यासक ‘मंडळाचं एक केंद्र पुरत नाही’ असं मांडू लागला, तर त्याला वजन येतं.

माती. नमुना घेण्यात इतके घोटाळे होतात की प्रयोगशाळेला दोष देण्याआधी आपला हात तपासावा. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्या, एप्रिल-मे उत्तम. धुऱ्याजवळ, झाडाखाली, उकिरड्याजवळ, पाणी साचतं तिथं घेऊ नका. नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या. सगळी एकत्र कालवा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा कालवा, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत मुळीच नको. आमच्यापैकी एकानं तसं केलं, आणि त्याच्या अहवालातलं स्फुरद (फॉस्फरस) बघून आम्ही सगळे थक्क झालो. नंतर कळलं, ती स्फुरदवाल्या डीएपी खताची गोणी होती.

तुमच्याकडे आधीची मृदा आरोग्य पत्रिका असेल तर ती दाखवा, पण एक लक्षात ठेवा. ही योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचं ठरलं होतं. त्यामुळे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजाऱ्याची असू शकते. आणि सेंद्रिय कर्ब (मातीत कुजलेल्या काडीकचऱ्याचा कार्बन) दरवर्षी मोजून ‘वाढला’, ‘घटला’ म्हणू नका. तो फार हळू बदलतो. त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत तीन वर्षांनी मोजा.

कामगंध सापळे हे गटानं करण्यासारखं सर्वात सोपं आणि सर्वात लवकर फळणारं काम. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापसाचं जे नुकसान केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन सापळे लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर. पऱ्हाटी (कापसाचं झाड) वाढली की सापळाही वर सरकवा, हे बहुतेक जण विसरतात. गुलाबी बोंडअळीची ल्युअर (सापळ्यातली पतंग ओढणारी वासाची गोळी) वेगळी असते, दुकानदार घाईत दुसरीच देतो, पाकीट वाचा. ती उघड्या हातानं हाताळू नका आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. बदलल्याची तारीख वहीत हवीच, कारण जुनी ल्युअर कमी पतंग ओढते आणि आपल्याला वाटतं अळी गेली.

रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा, मोजून झाले की सापळा रिकामा करा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी (नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होईल इतकी कीड) गाठली असं समजतात. तिथं न थांबता बोंडं फोडून बघा : एकरातून वीस झाडांची एकेक हिरवी बोंड तोडायची, फोडायची. वीसपैकी दोनमध्ये अळी किंवा तिची खूण दिसली म्हणजे दहा टक्के. फुलांत डोमकळ्या (अळी लागल्यानं न उमललेली फुलं) किती आहेत तेही लिहा. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की फवारणी करायची की थांबायचं हे ठरवता येतं. आमच्या गटात पहिल्या वर्षी दोघांची एकेक फवारणी वाचली. त्या दोघांना वहीचं महत्त्व समजावून सांगावं लागलं नाही.

विहिरीत पाणी किती, हे दोरीला दगड बांधून मोजा, दर वेळी काठावरच्या एकाच खुणेपासून, मोटार सुरू करण्याआधी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आपणही निदान त्याच महिन्यांत मोजलं तर जुळवून बघता येतं.

उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न. ‘एकरी आठ पोते झालं’ याला काही अर्थ नाही, कारण पोतं किती किलोचं, शेंगा किती ओल्या, आणि एकर खरंच एकर आहे का? गुंठ्याचं गणित सोपं आहे. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट दोरी लावून एक गुंठा आखा, धुऱ्यापासून दूर, पीक सर्वसाधारण आहे अशा जागी. सगळ्यात चांगली जागा निवडायचा मोह होतो. म्हणून जागा पेरणीनंतर लगेच, पीक कसं येणार हे माहीत नसतानाच ठरवून खुंट्या ठोका. त्या गुंठ्यातलं पीक वेगळं काढा, वेगळं मळा, वाळवून तोला. किलोला चाळीसनं गुणलं की एकरी उतारा. सोयाबीन असेल तर ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आल्यावर तोला. केव्हीकेकडे (कृषी विज्ञान केंद्राकडे) ओलावा मोजायचं यंत्र असतं, मळणीच्या आठवड्यात मागून घ्या. दोन्ही पट्ट्यांचं वजन एकाच दिवशी, एकाच काट्यावर.

संशोधकाशी बोलणं

इथं आपण सर्वात कमी पडतो. कोणी जीपमधून आलं, गळ्यात ओळखपत्र असलं की आपण विचारेल ते सांगून मोकळे. मी स्वतः एकदा पंचवीस पानांची प्रश्नावली भरून दिली होती. कर्ज किती, कोणाचं, बायकोचं शिक्षण किती, सगळं. चहा झाला, फोटो झाले. त्या अभ्यासाचं पुढं काय झालं हे मला आजवर कळलेलं नाही.

आता आम्ही आधी एक पानभर कागद करतो. भाषा साधीच :

१. ही माहिती अमुक प्रश्नाच्या अभ्यासासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर पुन्हा विचाराल.
२. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल आणि गट नंबर तुमच्याकडेच राहतील. बाहेर देताना फक्त गाव आणि आमचा क्रमांक (शे-१, शे-२) द्याल.
३. मूळ वही आमच्याकडे राहील. तुम्ही फोटो घ्याल.
४. निकाल मराठीत, मार्च संपायच्या आत, गावात येऊन सांगाल. आमच्या विरोधात गेला तरी.
५. बियाणं, खत, औषधाच्या कंपनीला ही माहिती आमच्या लेखी परवानगीशिवाय देणार नाही.
६. चाचणीच्या पट्ट्यात उत्पन्न घटलं तर भरपाई द्याल की नाही, आणि किती, हे पेरणीआधी ठरेल.
७. कोणालाही कधीही बाहेर पडता येईल.

खाली दोन्हीकडच्या सह्या. सहाव्या कलमावर बहुतेक अडतं. दहा गुंठ्यांच्या पट्ट्यात काहीच फवारायचं नाही असं ठरलं, तर त्या पट्ट्याचं नुकसान आपल्या खिशातून जातं. काही जण तेवढ्या कापसाचे पैसे देतात, काही निविष्ठा (बियाणं, खत, औषध) देतात, काहींना देता येत नाहीत. नाही म्हणाले तर तेही चालेल, पण आधी कळलं पाहिजे.

आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, ओटीपी यांचा शेतीच्या संशोधनाशी काही संबंध नाही. ओटीपी मागणारा माणूस संशोधक नाही. सातबारा सहसा लागत नाही, क्षेत्र लागतं. शेताचं जीपीएस ठिकाण अभ्यासाला लागतं, पण नकाशा सगळ्यांसाठी खुला करताना ते गावापुरतंच ठेवायला सांगा. कोणाच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी आहे ही माहिती गावाच्या वेशीबाहेर गेली की तिचे गिऱ्हाईक वेगळे असतात.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. दिलेली संमती मागे घेता येते हे तत्त्व त्यात आहे. पण संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला त्याच कायद्यात काही सूट ठेवली आहे. म्हणून कायदा आहे एवढ्यावर विसंबू नका, कागद करा.

बियाण्याचं आणखी वेगळं आहे. तुमच्याकडे वडिलांपासून चालत आलेलं वाण असेल आणि कोणी मूठभर नमुना मागितला, तर कोणाचं, कधी, किती आणि कशासाठी दिलं याची पावती घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढून, दरवर्षी निवड करत, एचएमटी तांदूळ तयार केला. नाव त्या काळच्या एचएमटी घड्याळावरून पडलं. तो तांदूळ कितीतरी राज्यांत पोचला, दादाजींच्या घरची ओढग्रस्त मात्र २०१८ साली ते जाईपर्यंत तशीच होती. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा. त्याखाली शेतकऱ्याला आपलं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं. नमुना देण्याआधी केव्हीकेत जाऊन त्याची चौकशी करा.

माहिती पाठवताना

वहीचे फोटो दर रविवारी एका व्हॉट्सॲप गटावर. गटात फक्त नोंदी, सुप्रभात नको. एकानं, बहुतेक कॉलेजात जाणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं, ते एक्सेलमध्ये भरायचं. तिथं दोन-तीन पथ्यं पाळली की पुढचा माणूस दुवा देतो : एका ओळीत एकच घटना, एका रकान्यात एकच गोष्ट. ‘२ गोणी युरिया + १ डीएपी’ हे एका रकान्यात लिहिलं की संगणकाला ते वाचता येत नाही. ‘वरीलप्रमाणे’ कधीच लिहू नका, ओळी खालीवर झाल्या की ते निरर्थक होतं. तारीख सगळीकडे एकाच पद्धतीनं. रंग भरून अर्थ दाखवू नका. आणि वही जपून ठेवा, एक्सेलमध्ये चूक होणारच.

परत काय येतं

मला विचाराल तर सगळा खेळ इथं आहे. माहिती वर जाते, खाली काही येत नाही, मग पुढच्या वर्षी लोक सापळ्याजवळ न जाता आकडे टाकतात. त्यांना दोष देता येत नाही.

उलट उदाहरण क्रॉपसॅपचं. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. कीड सर्वेक्षक शेतात मोजणी करतात, विद्यापीठांचे शास्त्रज्ञ ते आकडे बघून सल्ला देतात आणि तो हंगाम चालू असतानाच खाली येतो. आजचा आकडा पुढच्या आठवड्याच्या फवारणीला उपयोगी पडतो, म्हणून तो मोजण्यात अर्थ वाटतो. हिवरे बाजारमध्ये तर संशोधकाची वाटही बघत नाहीत. गाव स्वतः पाऊस आणि विहिरी मोजतं, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतं आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावर ठरतं.

म्हणून निकालाची तारीख आधी ठरवा, आणि ती बियाणं घेण्याआधीची हवी. जुलैत येणारा निकाल कितीही अचूक असला तरी तो रद्दीच. निकाल ऐकताना सरासरीवर थांबू नका. समजा, बारा शेतांत बीबीएफचा उतारा सरासरीनं एकरी पन्नास किलो जास्त आला. लगेच विचारा : बारापैकी कितींमध्ये जास्त आला? कोणाच्या शेतात कमी आला, आणि त्याची जमीन कशी होती? दहांमध्ये वाढ आणि दोघा मुरमाडवाल्यांकडे घट असेल, तर तुमच्या जमिनीप्रमाणे उत्तर बदलतं. संशोधक सरासरी छापतो, तुम्ही सरासरीवर पेरत नाही.

संशोधक मंडळी हे वाचत असतील तर त्यांनाही थोडं. वेचणी आणि मळणीच्या आठवड्यात येऊ नका. बाईमाणसांशी वेगळं बोला, बियाणं कोणी निवडलं, निंदणाला किती दिवस लागले हे त्यांनाच माहीत असतं, आणि ओसरीवर आम्ही बसलेलो असताना त्या बोलत नाहीत. रकाने निम्मे करा. आणि शोधनिबंधात आभार मानताना ‘स्थानिक शेतकरी’ लिहून भागवू नका, ज्यांची हरकत नाही त्यांची नावं द्या. आमच्या गटातल्या एका आजोबांनी तसं छापलेलं पान लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं आहे. त्यातलं त्यांना अक्षर कळत नाही, इंग्रजी आहे. पण आजही सकाळी साडेआठ वाजले की ते बरणीशी वाकलेले दिसतात, पाऊस नसला तरी. वहीत शून्य लिहायचं असतं ना.